पाणी आलं, पाणी गेलं

माझ्या बायकोचं, म्हणजे अनुसूयेचं, वाद्यांबद्दल एकच मत आहे. ती दुसऱ्याच्या घरी वाजावीत. असं असून १९५८ साली तिनेच मला ड्रम वाजवायला बसवलं, आणि त्याला कारण झाला एक नळ.

आम्ही तेव्हा बेंगळुरात कॉटनपेटेजवळ एका वठारात राहत होतो. वठार म्हणजे मधे अंगण, भोवती दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं आणि त्या सगळ्यांत मिळून एक नळ. नळाला पाणी पहाटे कधीतरी यायचं. येण्याआधी तो म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा. ते खाकरणं ज्याच्या कानावर पहिल्यांदा पडेल त्याने "पाणी आलं" म्हणून ओरडायचं आणि मग स्वतःची घागर लावायची, असा वठाराचा धर्म होता. धर्म घालून दिला होता मालकांनी, नरसिंहरावांनी. ते माडीवर राहायचे, पण पाणी माडीवर चढत नसल्यामुळे त्यांच्याही घागरी खालीच यायच्या. अनुसूया लग्न होऊन आली ती त्या रांगेत उभी राहिली, आणि माझ्या मते अजून पुरती बसली नव्हती.

त्या वर्षी आमच्या कारखान्याने स्वतःचा बँड काढायचं ठरवलं. प्रजासत्ताक दिनाला कारखान्याचे लोक मैदानावर संचलन करत, आणि पुढे भाड्याचा बँड असे. तो मूळचा लग्नातला. त्या खेपेला मोठे साहेब आणि त्यांच्या बाई मंडपात उभ्या आहेत हे पाहून त्या लोकांनी सवयीने, वरात दारात आल्यावर वाजवतात ते वाजवलं. बाईंनी लाजून पदर डोक्यावर घेतला. त्यानंतर आठवड्याच्या आत स्वतःचा बँड मंजूर झाला. कारखान्यात एवढ्या लवकर काही मंजूर झालेलं मी पुढेही पाहिलं नाही.

फळ्यावर नोटीस लागली. कारखान्याच्या रात्रीच्या वर्गात मला नुकतीच इंग्रजी मोठी अक्षरं ओळखू येऊ लागली होती, त्यामुळे फळ्यावरचं मी काहीच सोडत नसे. कुणाची छत्री हरवल्याची नोटीसही मी शेवटपर्यंत वाचायचो. ह्या नोटिशीतला एक शब्द मला एका दमात वाचता आला. तो शब्द होता सोलो.

बाकीचं चंद्रकांतने वाचून दाखवलं. हा पुण्याहून नवीन आलेला, पर्सोनेल खात्यात होता.

"साइड ड्रमला तीन माणसं घ्यायची आहेत, बसवंतराव. बँडमास्तर लाझरस साहेब परीक्षा घेणार. प्रत्येकाने आपल्या पसंतीचा सोलो वाजवायचा. म्हणजे एकट्याने."

"मी गणपतीत ताशा वाजवतो. चालेल?"

"ताशाच समजा. ह्याच्या खालच्या कातड्यावर तारा ताणलेल्या असतात, म्हणून तडतडतो. फरक एवढाच की हा वाजवताना सरळ रेषेत चालायचं, नाचायचं नाही. आणि एक सांगू? बँडवाल्यांना पहाटे सराव. म्हणून त्यांना कॉलनीतला क्वार्टर लगेच मिळणार."

"क्वार्टरला नळ?"

"स्वयंपाकघरात."

मी घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. अनुसूया भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"स्वयंपाकघरात म्हणजे कुठं? अंगणातून आत आल्यावर?"

"चुलीच्या शेजारी. हात लांब केला की नळ."

तिने तव्यावरची भाकरी जळू दिली. मग उठून पोळपाट आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"ड्रम मिळेपर्यंत ह्याच्यावर शिका," ती म्हणाली.

मी पोळपाटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला. त्यानंतर आमच्या घरी पोळ्या झाल्या नाहीत. हे कुणी बलिदान म्हणून लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी इथे नोंदवतो.

संध्याकाळी अंगणात मी जरा सहजपणे सांगितलं, की मी सोलो बसवतोय. शेजारच्या अंबूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं, त्यामुळे मराठीच्या एका वाक्यात दोन शब्द कन्नड. इकडे शब्दाच्या शेवटी उकार लावायची पद्धत आहे. बसचं बस्सु होतं, कारचं कारु होतं. माझ्या सोलोचं सोलु झालं. आणि कन्नडात सोलु म्हणजे हार.

"सोलु?" अंबूबाईंनी सूप खाली ठेवलं. "हरायला सराव कशाला रे बसवंतण्णा? ते बिगर शिकताच येते की."

"अक्का, सोलु नाही. सोलो. एकट्याने करायचं असतं."

"एकट्याने हरायचं? सरी, बरं. तेवढंच बाकीचे वाचले."

हा विनोद रात्र पडेपर्यंत वठारात फिरून माडीवर गेला.

आता कोणता सोलो निवडायचा हा प्रश्न. माझ्या मते हा माझा प्रश्न होता, पण वठारात तसं नसतं. नरसिंहराव रामनवमीच्या गाण्याच्या मंडपात पहिल्या ओळीत बसणारे. त्यांनी मला माडीवर बोलावून मांडीवर ताल धरून दाखवला आणि मृदंगम् वाजवणाऱ्यासारखी तालाची एकच ओळ तीनदा फिरवून सम गाठायला सांगितलं. संचलनात माणसं पावलं टाकत असतात, ती तीनदा फिरली तर कुठे जातील, असं मी विचारलं. "ते त्यांनी बघावं," असं ते म्हणाले. अंबूबाईंचं म्हणणं, करगाच्या, म्हणजे इथल्या देवीच्या जत्रेच्या, मिरवणुकीला वाजतं ते वाजव, आपोआप माणसं बाजूला होतात. चंद्रकांतचं म्हणणं, पुण्यात असं नसतं. पुण्यात कसं असतं हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शेवटी मी लाझरस साहेबांकडेच गेलो. उंच, काळे, कडक इस्त्रीतले गृहस्थ. त्यांचं कन्नड माझ्या इंग्रजीसारखं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांनी तीन प्रकार वाजवून दाखवले. पहिली साधी चाल. दुसरा घोळ, म्हणजे पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखा सलग आवाज. तिसऱ्याचं नाव पॅराडिडल. नावात वजन होतं म्हणून मी तिसरा निवडला. माणसाने अशी निवड करू नये हे मला आता कळतं.

"सोपं आहे, मॅन," लाझरस म्हणाले. "उजवा डावा उजवा उजवा. डावा उजवा डावा डावा."

मी फिटर माणूस. उजव्या हाताने कानस चालवायची, डाव्याने ती दाबून धरायची, एवढीच माझ्या हातांची आपसातली ओळख. डाव्याला कधी कुणी पुढे बोलावलंच नव्हतं, तो एकदम दोनदा कसा बोलणार? मी पोळपाटावर बसून उजवा डावा म्हणत राहिलो आणि दोन्ही हात तिसऱ्याच कुणाचे असल्यासारखे वागत राहिले. अनुसूया बराच वेळ ऐकत होती.

"उजवा डावा काय करताय?" ती शेवटी वैतागून म्हणाली. "ते तर सरळ पाणी आलं, पाणी गेलं असं वाजतंय."

मी म्हणून पाहिलं. पा-णी-आ-लं, पा-णी-गे-लं. हात आपोआप पडू लागले. पाणी आलं म्हणताना उजवा पुढे, पाणी गेलं म्हणताना डावा पुढे. जे लाझरस साहेबांना जमलं नाही ते भाकरीवरून लक्ष न काढता तिने करून दिलं. मी आनंदाने दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून उंबऱ्याशी बसलो आणि सुरू केलं.

आनंदात माणसाचा आवाज चढतो. "पाणी आलं" हे मी म्हटलं आणि पहिलं दार उघडलं. मग दुसरं. अंबूबाई केस न बांधता, दोन काखांत दोन घागरी घेऊन धावत नळाशी पोचल्या. मागून सगळं वठार आलं. माडीवरून नरसिंहराव धोतर सावरत, तांब्याचा हंडा घेऊन उतरले. नळाखाली पहिली घागर कुणाची ह्यावर दोन बायकांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि ते मिटल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं, की नळ अजून खाकरलेलाच नाही.

सगळे माझ्याकडे वळले. मी तोवर "पाणी गेलं"पर्यंत आलो होतो.

"आलं कधी आणि गेलं कधी?" अंबूबाईंनी विचारलं.

मी वेगळे शब्द शोधायचा प्रयत्न केला. देवाचं नाव घेऊन पाहिलं, भाज्यांची नावं घेऊन पाहिली. हातांना ते पटेना. हात हट्टाला पेटले होते. तेव्हा मी ओठांतल्या ओठांत म्हणू लागलो, पण वठारातल्या बायकांचे कान ह्या दोन शब्दांसाठी घडलेले. भिंतीपलीकडे कुजबूज केली तरी घागर वाजायची.

तरी नरसिंहरावांना खरा त्रास पाण्याचा नव्हता. त्यांना त्रास सोलुचा होता. इथल्या आमच्या मराठी समाजाच्या मंडळाची निवडणूक दहा-बारा दिवसांवर आली होती. ते अध्यक्षपदाला उभे होते, आणि विरुद्ध होते रघुजी. रघुजी म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले, शहराबाहेर हेब्बाळच्या तळ्याकाठी पेरूची बाग घेऊन राहणारे, मोठ्या मिशांचे गृहस्थ. नरसिंहरावांनी मला माडीवर बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"बसवंता, माझ्या घरात मी निवडणुकीला उभा असताना, तू रोज पहाटे उठून हारीचा सराव करतोस. हे बरं दिसते काय?"

"अण्णा, सोलो म्हणजे—"

"म्हणजे काय ते तुला ठाऊक. देवाला काय ठाऊक? त्याला कन्नड येते, तुझं इंग्रजी येते काय?"

देवाला ऐकू जाऊ नये म्हणून मी पोळपाटाखाली गोधडी घातली.

त्यात शनिवारपासून लाझरस साहेबांनी बँडच्या उमेदवारांना घरी सराव करायला एकेक दिवसासाठी खरा ड्रम दिला. माझा दिवस रविवार. मी ड्रम गळ्यात अडकवून वठारात शिरलो, तेव्हा नरसिंहराव कठड्यावरून खाली पाहत होते. ते रागावतील असं मला वाटलं. पण ते कठड्यावर वाकले आणि फार गोड आवाजात म्हणाले, "हे घेऊन हेब्बाळला जा. तळ्याच्या बांधावर मोकळी जागा आहे. रघुजीच्या बागेसमोरच बस. दिवसभर वाजव. तुझा तो सोलु तिथं स्वल्प जोरात होऊ दे."

मला त्यांचा हेतू कळला. पण मला जागा हवी होती, आणि हेतू काही ड्रमवर बसत नाही.

मी सायकलीला ड्रम बांधून हेब्बाळला गेलो. बांधावर उभा राहिलो, तळ्यातल्या म्हशींकडे तोंड केलं आणि वाजवू लागलो. खरा ड्रम पोळपाटापेक्षा खूप लांब जातो. थोड्या वेळाने मागे वळून पाहतो तर गाव जमलेलं. पुढे एक म्हातारा काठी टेकून.

"एनु समाचार?" त्याने विचारलं. म्हणजे, काय खबर?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गावात ढोल वाजवत माणूस आला म्हणजे दवंडी. दवंडी म्हणजे सरकारचा हुकूम. मी म्हणालो, काही नाही, मी नुसताच वाजवतोय. ह्याने फारच वाईट परिणाम झाला. सरकारचा माणूस एवढ्या लांब येतो, एवढा मोठा ढोल वाजवतो आणि काही नाही म्हणतो, म्हणजे खबर तोंडातून काढवत नाही एवढी वाईट असणार. एकजण म्हणाला, तळं बुजवणार. दुसरा म्हणाला, म्हशींवर कर बसवणार. एका बाईने तिथल्या तिथे म्हशी पाण्याबाहेर काढायला सुरुवात केली. मी ड्रम घेऊन निघू लागलो तर त्यांनी सायकलीचं हँडल धरलं. खबर सांगितल्याशिवाय जायचं नाही.

तेवढ्यात रघुजी बागेतून आले. त्यांनी गर्दी पाहिली, ड्रम पाहिला, मला ओळखलं. हा पलटणीतला माणूस, संधी ओळखायला त्याला वेळ लागत नव्हता. गर्दीत आमच्या समाजाची बरीच घरं होती, गाईम्हशी पाळणारी.

"बसवंता, वाजव!" रघुजी म्हणाले.

मी वाजवलं. ते दगडावर चढले आणि खड्या आवाजात बोलले. पुढच्या रविवारी निवडणूक आहे, नरसिंहराव कधी हेब्बाळला आलेले नाहीत, मी इथलाच आहे, सगळ्यांनी यावं. ते श्वास घ्यायला थांबले की "वाजव!" म्हणायचे. तळं बुजत नाही आणि म्हशींवर कर नाही हे ऐकून लोकांना एवढं हायसं वाटलं, की ते कुणालाही मत द्यायला तयार होते. रघुजींनी निघताना माझ्या सायकलीला पेरूंची पिशवी अडकवली.

वठारात पोचलो तेव्हा नरसिंहराव वाट पाहत होते.

"वाजवलंस?"

"वाजवलं."

"रघुजीने ऐकलं?"

"दगडावर उभं राहून ऐकलं."

ते फार खूश झाले. त्यांनी पिशवीतले दोन पेरू उचलले आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ले.

पुढच्या रविवारी हेब्बाळहून बैलगाड्या भरून मतदार आले आणि रघुजी अध्यक्ष झाले. नरसिंहराव संध्याकाळी परतले ते थेट आमच्या दारात थांबले. आवाज चढवला नाही. "तुझा सोलु मला लागला, बसवंता," म्हणाले. "महिनाअखेर खोल्या मोकळ्या कर." आणि माडीवर गेले.

दुसऱ्याच दिवशी परीक्षा होती. आदल्या आठवड्यापर्यंत आम्हाला नळ हवा होता. आता छप्परही हवं होतं. सकाळी अनुसूयेने मला शर्ट दिला आणि एकच सांगितलं, "तोंड मिटून वाजवा. तिथं कुणी घागर घेऊन येऊ नये."

परीक्षा कारखान्याच्या मैदानावर. लाझरस साहेब खुर्चीत, बाजूला चंद्रकांत, मागे पाण्याचा माठ आणि एक शिपाई. आधी चर्चच्या बँडमधला एक तरुण वाजवून गेला, मग पलटणीतून आलेला एक. तिसऱ्या जागेसाठी उरलो मी आणि कँटीनमधला एक माणूस. तो जोरात वाजवे, पण ड्रमवर राग काढल्यासारखा.

मी तोंड मिटून सुरू केलं. दहा पावलं गेली असतील नसतील, हात थांबले. डावा उजव्याकडे पाहत राहिला.

"पुन्हा," लाझरस म्हणाले.

मी पुन्हा सुरू केलं आणि हात अडखळताच तोंडातून आपोआप निघालं, "पाणी."

शिपायाने माठातून पेला भरून आणला. आणलेलं पाणी नको म्हणणं बरं दिसत नाही. मी प्यालो, आभार मानले, पुन्हा उभा राहिलो. "पाणी आलं," मी पुटपुटलो. शिपाई म्हणाला, "आया नै, लाता," आणि दुसरा पेला घेऊन आला. मी तोही प्यालो. तिसऱ्या पेल्यानंतर माझ्या पोटातून ड्रमपेक्षा मोठा आवाज यायला लागला. कँटीनचा माणूस हसला. चंद्रकांत आकाशाकडे बघत होता. लाझरस साहेब उठून माझ्याजवळ आले.

"काय होतंय, मॅन? ताप आहे?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. पाणी, नळ, पोळपाट, बायको. अपमान व्हायचाच होता तर पुरा होऊ दे, असा विचार केला. ते ऐकून घेऊन खुर्चीत जाऊन बसले. शिपायाला माठापासून लांब उभं केलं.

"मोठ्याने म्हण," ते म्हणाले.

मी म्हटलं. वठारात म्हणत होतो तसं, छाती भरून. पाणी आलं, पाणी गेलं, आणि मैदानभर चालत राहिलो. हात पडत राहिले. मैदानाच्या टोकाला वळलो, परत आलो, एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो तर क्वार्टर गेला हे मला आणि माझ्या डाव्या हाताला दोघांनाही ठाऊक होतं. खुर्चीसमोर थांबलो तेव्हा लाझरस साहेबांचे बूट मातीवर आपटत होते आणि ओठ हलत होते. "पानी आलं, पानी गेलं," असं त्यांच्या परीने.

तिसरी जागा मला मिळाली. अट एवढीच, की संचलनाच्या दिवशी तोंडात सुपारी धरायची.

महिनाअखेर आम्ही सामान गाडीवर चढवलं. नव्या घरी रिकाम्या घागरीने जाऊ नये म्हणून अंबूबाईंनी पहाटे रांगेत उभं राहून आमच्यासाठी एक घागर भरून ठेवली होती. "आता आमाला खोटं कोण उठवणार रे?" म्हणाल्या, आणि डोळे पुसले. नरसिंहराव कठड्याशी होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी वरून विचारलं, "ते पेरू कुठले होते रे? फार गोड होते."

"बाजारातले, अण्णा," मी म्हणालो.

क्वार्टरमध्ये नळ होता. चुलीच्या शेजारीच होता. अनुसूयेने तो हात लांब करून सोडून पाहिला, उभी राहून सोडला, बसून सोडला. त्यातून हवा आली. इथेही पाणी पहाटे कधीतरी येतं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. पहिला चहा आम्ही अंबूबाईंच्या घागरीतल्या पाण्याचा केला.

त्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे होती. बँडच्या लोकांना एकाच ओळीत क्वार्टर मिळाले होते, आणि लाझरस साहेबांनी बाकीच्या दोघांनाही पॅराडिडल माझ्या शब्दांत शिकवला होता. लवकर बसतो म्हणाले. एक तमिळ, एक तेलुगू, मराठीचा गंध नाही. पण पहाटे पहाटे एका भिंतीपलीकडून "पानी आलम्" यायचं आणि दुसरीकडून "पानी गेलू." अनुसूया झोपेतून उठून घागर घेऊन धावायची. स्वतःच्याच स्वयंपाकघरात धावायला जागा ती केवढी, तरी धावायची. आठवडाभर ती अशी फसली. शेवटी तिने नळाखाली घागर लावली, नळ सोडून ठेवला आणि जाहीर केलं, की आता कुणी कितीही ओरडलं तरी ती उठणार नाही.

त्या पहाटे मला जाग आली ती पायाला गार लागलं म्हणून. घागर भरून वाहत होती. पाणी चुलीला वळसा घालून, उंबरा ओलांडून माझ्या अंथरुणापर्यंत आलं होतं. दोन्ही भिंतींपलीकडे ड्रमवाले निवांत घोरत होते.

"अगं, ऊठ," मी म्हणालो. "पाणी आलं. खरंच आलं."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने डोळे उघडले नाहीत.

"येऊ दे हो," ती म्हणाली. "आपल्याच नळाचं आहे."